तिसरं पिंप

आईनं पाठवलेला व्हिडिओ मी दुकानात उभ्या उभ्याच पाहिला आणि गिऱ्हाइकासमोर रडले. बेळगावात खासबागेत माझं औषधाचं दुकान आहे. तिथं मी गोड बोलण्यासाठी प्रसिद्ध नाही, त्यामुळे समोरचा माणूस घाबरला. त्याला खोकल्याचं औषध हवं होतं. ‘संध्याकाळी येतो, मॅडम’ म्हणून जो गेला तो आजवर आलेला नाही.

व्हिडिओत आमचं निपाणीचं घर होतं. माझा थोरला भाऊ दीपंकर, म्हणजे माझा अण्णा, चाकाच्या खुर्चीत बसला होता. मांडीवर उशी, उशीवर दोन्ही हात आणि हातात व्हिडिओ गेमचा रिमोट. समोर टीव्हीवर फाटक्या बनियनातला हिरो धावत होता. पिंपावरून उडी मारत होता, गोळ्या झाडत होता, आणि इकडे अण्णाचा उजवा अंगठा बटणावर हलत होता. मागून आईचा आवाज येत होता, “दीपू खेळाय लागलाय बघा. माझा दीपू खेळाय लागलाय.”

गेल्या वर्षी तवंदी घाटात अण्णाच्या मोटरसायकलला ट्रकनं मागून उडवलं. डोक्याची ऑपरेशनं झाली आणि जीव वाचला. लोक एवढं वाक्य बोलून आपापल्या घरी जातात, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. अण्णाचे डोळे उघडे असतात. ओठाला चमचा लावला की तो गिळतो. मोठा आवाज झाला तर मान वळवतो, कधी वळवतही नाही. आम्हाला ओळखत नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार आशा ठेवू नका. आईला मी तेच सोप्या शब्दांत समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याची नखं कापायला बसली.

पुढे अण्णाचा व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी सहज बोलून गेली की ओळखीच्या जुन्या वस्तू त्याच्या हातात देत जा. झालं. आईला औषध सापडलं. शाळेतली कंपासपेटी झाली, बॅट झाली, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून लागला तेव्हाचं पिवळं हेल्मेट झालं. शेवटी तिनं माळ्यावरून व्हिडिओ गेम काढला. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या भरमूला बोलावून नव्या टीव्हीला जुन्या वायरी जोडून घेतल्या. भरमूनं कॅसेटमध्ये फुंकर मारली, कॅसेट खोचली, आणि हिरो पडद्यावर धावायला लागला. भरमू त्याचा पेचकस घेऊन निघून गेला. अण्णाच्या हातात रिमोट आईनं दिला.

त्या कॅसेटची आमच्या घरात वेगळीच शान होती. मी अगदी लहान असताना निपाणीच्या टॉकीजला एक हिंदी बोलणारा इंग्रजी पिक्चर लागला होता. हिरो एकटा, बंदरावर शंभर गुंड, शेवटी जळता पूल. पूल कोसळतो, हिरो नदीत पडतो, सगळे रडतात, आणि मग पाण्यातून एक हात वर येतो. तिथं टॉकीजमध्ये लोक खुर्च्यांवर उभे राहायचे म्हणे. आमच्या गल्लीतल्या पोरांनी चांगली बनियनं फाडून घेतली आणि त्याबद्दल घरोघरी मार खाल्ला. त्याच पिक्चरवरून निघालेला हा गेम. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, बेळगावात खडेबाजारात जाऊन तो अण्णासाठी आणला. आप्पा आता नाहीत. गल्लीत गेममधला जळता पूल ओलांडणारा अण्णा एकटाच होता.

हाच व्हिडिओ आईनं समतालाही पाठवला. समता म्हणजे अण्णाची बायको, माझी वहिनी. वयानं माझ्याएवढी, त्यामुळे आमच्यात अहोजाहो नाही. त्यांना मूलबाळ झालं नव्हतं. अपघातानंतर कित्येक महिने अण्णाचं हगणंमुतणं, पाठीच्या जखमा, रात्रीची जागरणं, सगळं तिनं केलं. ती वाळून काटकी झाली तेव्हा आईनंच तिला सदलग्याला माहेरी धाडलं. “तू बी माणूसच हैस की गं,” म्हणाली. माहेरी राहून समतानं सरकारी कॉलेजातल्या नोकरीसाठी परीक्षा दिली, मुलाखत दिली, आणि तिची निवड झाली. पण नेमणूक मिळाली थेट म्हैसूरला. तरी आईनं गल्लीत पेढे वाटले.

सोमवारी तिनं तिथं हजर व्हायचं होतं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार होते. आणि त्या आधीच्या आठवड्यात हा व्हिडिओ आला.

तिचा मला फोन आला. “उपा, मी आता कशी जाऊ?”

“अगं, नोकरी हातची जाईल.”

“नोकरी परत मिळंल. ह्यो परत मिळालाय आणि मी तिकडं म्हैसूरला जाऊन बसू? शनिवारी येते. डोळ्यानं बघते, मग ठरवते.”

मी तिला जा म्हणाले नाही आणि राहा असंही म्हणाले नाही. मलाही त्या अंगठ्यापुढे दुसरं काही दिसत नव्हतं. औषधाच्या दुकानात बसून लोकांच्या अंगाऱ्याधुपाऱ्यांची टर उडवणारी मी, माझा अण्णा खेळतोय म्हणून आठवडाभर गिऱ्हाइकांशी चक्क हसून बोलले.

शनिवारी दुपारी मी निपाणीला पोचले तेव्हा शेजारच्या जयाबाई येऊन बसल्या होत्या. आई इस्त्रीच्या साडीत. अण्णाची दाढी केलेली, भांग पाडलेला. बुद्धमूर्तीपुढे ताजी फुलं. स्वयंपाकघरातून खिरीचा वास येत होता, कारण संध्याकाळी समता येणार होती.

“ये, बस हितं,” आईनं मला पुढच्या खुर्चीत बसवलं. “आता बघ तुझ्या अण्णाची कमाल.”

हिरो धावला. पहिलं पिंप ओलांडलं. दुसरं ओलांडलं. शिडीवरच्या माणसाला गोळी घातली. तिसऱ्या पिंपाला मात्र त्यानं उडी जरा लवकर घेतली, पिंप पायाला लागलं आणि तो पाण्यात पडला.

“पडला,” जयाबाई हळहळल्या.

“पडायचाच की. शिकतोय अजून,” आई म्हणाली. “पिक्चरमधी बी त्यो पाण्यात पडलावता. आला न्हवं वर?”

पडद्यावर पिक्चरचं नाव आलं, हिरोचा चेहरा आला. थोड्या वेळानं हिरो परत धावायला लागला. पहिलं पिंप. दुसरं. शिडीवरचा माणूस. तिसऱ्या पिंपाला उडी जरा लवकर.

ही उडी मला पाठ होती.

सुरू करायचं बटण दाबलं नाही तर हा गेम आपला आपणच खेळून दाखवतो. दुकानात लोकांनी बघावं, भुलावं आणि विकत घ्यावं म्हणून केलेली सोय. आम्ही त्याला डेमो म्हणायचो. त्यात दरवेळी तेच घडतं आणि हिरो दरवेळी तिसऱ्या पिंपालाच पडतो. मी लहानपणी रिमोटसाठी भोकाड पसरायचे, तेव्हा अण्णा डेमो लावून रिमोट माझ्या हातात द्यायचा. त्यानं दाखवलेली बटणं मी जिवाच्या आकांतानं दाबायचे. मीच खेळतेय असं मला खरंच वाटायचं. आई भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं टाळी वाजवायची. “उपा खेळाय लागली बघा.” मग एके दिवशी अण्णानं रिमोट माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि हिरो तसाच उड्या मारत राहिला. अण्णा हसून हसून जमिनीवर लोळला. मी त्याच्या दंडाला कडकडून चावले.

आईला ती गंमत तेव्हाही कळली नव्हती. तिनं आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता.

जयाबाई गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई खीर ढवळत होती.

“आई, अण्णा खेळत न्हाय.”

“मग कोण, मी खेळतेय?”

“त्यो गेम आपला आपणच चालतोय. दुकानात दाखवाय ठेवत्यात तसा.”

“अंगठा कुणाचा हलतोय मग?”

“अंगठा आधीपास्नं हलतोय. झोपेत बी हलतोय म्हणून तूच मला सांगितलंतंस.”

तिनं पळी ठेवली, माझ्याकडे बघितलंही नाही. “तुला पयल्यापास्नं ह्याचं काय बरं झालेलं बघवत न्हाय.”

माझं डोकं तडकलं. आईनं बोलायचं म्हणजे काय वाटेल ते बोलायचं आणि आपण पदरात घ्यायचं. मी तिचा हात धरून तिला ओढतच बाहेर आणलं आणि टीव्हीसमोर उभं केलं.

“आता पिंपावरनं उडी मारंल,” मी म्हणाले. हिरोनं उडी मारली. “आता दुसरं. आता शिडीवरचा गडी मरंल. आता तिसऱ्या पिंपाला लवकर उडी मारंल आणि पडंल.” तो पडला. “आता नाव येईल. आता तोंड येईल. आता परत पळाय लागंल.”

नाव आलं, तोंड आलं, हिरो पळायला लागला. मी तेच सगळं परत बोलले आणि पडद्यावर तेच सगळं परत घडलं. बोलता बोलता माझाच आवाज मला सहन होईना, म्हणून मी थांबले. आईनं तिसरं पिंप येण्याआधीच डोळे मिटून घेतले.

ती पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ अण्णाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

“समताला सांगू नको,” ती म्हणाली.

“आई.”

“म्हैनाभर गं. ती जवळ बसली, बोलली, तर येईल त्याला. माझ्या बोलण्यानं न्हाय येत, तिच्या बोलण्यानं येईल.”

“म्हैनाभरात तिची नोकरी जातीया. पेढे तूच वाटलंतंस न्हवं?”

“वाटलं. वाटताना बी मनात दीपूच होता.” आता तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “मी आज हाय, उद्या न्हाय. मग ह्याला कोण बघणार? तू? दुकान सोडून येशील हितं?”

मला तिचा इतका राग आला, इतका राग आला, आणि तो राग तिच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं म्हणूनच आला होता. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. तिथंच ठरवलं की समता आली की तिला आधी परसात घेऊन जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. आईनं जन्मभर बोलणं टाकलं तरी चालेल.

पण समता मला सापडलीच नाही. रिक्षातून उतरली ती चपला काढून सरळ अण्णाकडे गेली. तिची बॅग मी आत घेतली. बॅग जड होती. नीट न मिटलेल्या चेनमधून मला वरचा कपडा दिसला, अण्णाचं करताना ती घालायची तो विटका गाऊन. डोळ्यानं बघते, मग ठरवते म्हणाली होती, पण ठरवून झालं होतं. ती राहायलाच आली होती.

ती अण्णाच्या पायाशी जमिनीवर बसली. “अहो, मी आले.”

अण्णाची मान वळली नाही. टीव्हीवर हिरोनं पिंपावरून उडी मारली.

“अगं बाई, केवढी ही उडी,” समता हसली. हसता हसता तिनं अण्णाच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. “लग्न झाल्यावर मला म्हणालावता, एकदा माळ्यावरनं काढून तुला पुलाच्या पलीकडं नेऊन दाखवतो म्हणून. आठवतंय?”

हिरो पडला. “पडू दे. परत मारा उडी,” ती म्हणाली. हिरो परत पळायला लागला. तिनं आनंदानं माझ्याकडे वळून बघितलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि ती टीव्हीकडे नाही, समताकडे बघत होती. समताची मान केवढी बारीक झाली होती. मागून तिच्या मणक्याचे मणी मोजता आले असते.

“वहिनी, जरा परसात ये,” मी म्हणाले.

“थांब गं. आधी म्हैसूरच्या कॉलेजात फोन करून टाकते, येत न्हाय म्हणून.” तिनं पर्समधून फोन काढला. “तिथल्या बाई रोज विचारत्यात, निघालीस का, खोली बघून ठेवू का. उगंच त्यास्नी कशाला लटकत ठेवायचं?”

तिनं नंबर शोधला. मी तोंड उघडलं.

माझ्याआधी आई हलली. तिनं तांब्या खाली ठेवला, अण्णाजवळ गेली आणि त्याच्या हातातला रिमोट काढायला लागली. अण्णाची बोटं आवळलेली असतात, ती एकेक करून सोडवावी लागतात. तिनं ती सोडवली. रिमोट समताच्या मांडीवर ठेवला.

“काय झालं, आई?” समतानं विचारलं.

“बघ.”

हिरो पळतच होता. पहिलं पिंप ओलांडलं. दुसरं ओलांडलं.

“आता शिडीवरचा गडी मरंल,” आई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. “आता तिसऱ्या पिंपाला पडंल. आता नाव येईल.”

समतानं मांडीवरच्या रिमोटकडे बघितलं. त्याला हात न लावता बघितलं. मग पडद्याकडे. नाव आलं, चेहरा आला, हिरो परत पळायला लागला. मग तिनं अण्णाच्या हाताकडे बघितलं. उशीवर उघड्या पडलेल्या रिकाम्या हातावर अंगठा तसाच हलत होता, थोडा दाबल्यासारखा, थोडा सोडल्यासारखा.

“ह्यात त्यो न्हाय, पोरी,” आई म्हणाली.

समतानं मांडीवरचा रिमोट उचलून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “मला त्यो व्हिडिओ पाठवलासा कशाला?”

“मला खरंच वाटलंतं. आज दुपारी कळलं. उपानं सांगितलं. आणि कळल्यावर बी मी तिला तुला सांगू नको म्हणालेवते.”

“मी ऱ्हाते तरी बी,” समता म्हणाली. “असाच हाय तर असाच. मी काय ह्यो गेम बघून लग्न केलंतं?”

“न्हाय. तू जायचं.” आईनं तिच्या हातातला फोन काढून तिच्याच पर्समध्ये घातला. “हिथनं गेलीस तवा ह्यो असाच होता. तवा तू मन घट्ट करून गेलीवतीस आणि ते बरोबर होतं. आता परत आलीयास ती ह्या उड्या मारणाऱ्याला बघून. त्यो आपल्या घरात न्हाय.”

मग समता रडली. इतक्या महिन्यांत तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. ती जमिनीवर आडवी होऊन रडली आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला दोघींजवळ जाऊन बसावंसं वाटत होतं. मी टीव्ही बंद केला आणि तिथंच उभी राहिले.

खीर कुणी खाल्ली नाही. जयाबाई संध्याकाळी डोकावल्या, “आली व्हय सून? आज किती पिंपं मारली दीपूनं?” म्हणाल्या. आईनं त्यांना वाटीभर खीर दिली आणि दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी मी समताला स्टँडवर सोडायला गेले. तिनं तो विटका गाऊन आमच्याकडेच ठेवला होता, बॅग हलकी झाली होती. तिला बेळगावला जाऊन पुढची गाडी पकडायची होती. बस लागली तशी ती म्हणाली, “मी रोज फोन करीन. त्याच्या कानाला लावशील न्हवं?”

“आई लावंल.”

“तू लाव की.”

मी मान हलवली. बस निघून गेली. त्याच बसनं मला दुकान उघडायला जाता आलं असतं. त्यानंतरच्या बसनंही जाता आलं असतं. मी घरी परत गेले.

आई अण्णाचं तोंडधुणं उरकून बसली होती. टीव्ही बंद होता. रिमोट कालपासून टेबलावर पडला होता. उशीवर अण्णाचा अंगठा हलत होता. आईचं त्याच्याकडे लक्ष होतं. मी आल्याचं तिला कळलं, पण तिनं मागे वळून बघितलं नाही.

“गेली?”

“गेली.”

“बसाय जागा मिळाली?”

“खिडकीची.”

तिनं मान डोलावली. थोड्या वेळानं उठली, टेबलावरचा रिमोट घेतला, पदरानं पुसला आणि अण्णाच्या हातात दिला. त्याची बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटली. अंगठा उचलून बटणावर ठेवला.

“आई, आता कशाला?” मी म्हणाले.

“हात रिकामा बरा न्हाय दिसत गं.”

टीव्ही तिनं लावला नाही. काळ्या पडद्यासमोर अण्णा बटण दाबत राहिला.